मसाल्याचें दुकान आणि गिऱ्हाइकाचा हात

चैत्र सरून वैशाख लागला म्हणजे आमच्या दिव्यांत एक ठरलेला देखावा पाहावयास मिळतो. स्टेशनच्या पूर्वेस बाजाराच्या गल्लींत मसाल्याचें व चहाचें एक जुनें दुकान आहे. त्याच्या दारांत तागाचीं पोतीं तोंडें उघडून ओळीनें मांडलेलीं असतात. ब्याडगी, संकेश्वरी, काश्मिरी आणि लवंगी अशा मिरच्यांचे ढीग एका बाजूस. धने, हळकुंडें, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र आणि चक्रीफूल दुसऱ्या बाजूस. आणि आंत फळीवर चहाचे पत्र्याचे डबे. गेल्या वर्षीं मी तेथें पाव किलो चहा घ्यावयास गेलों असतां एक वृद्ध आगरी बाई पोत्यापाशीं उभ्या होत्या. त्यांनीं एक मिरची उचलली, कानाशीं धरून हलविली, मग मोडली आणि नाकाशीं नेली. लगेच ती मिरची परत टाकून त्या म्हणाल्या, "शेट, ही गेल्या सालची हाय. वास उडालाय हिचा." दुकानदार रागावला नाहीं. "मावशी, तुमच्यापुढें कोण खोटें बोलणार?" असें म्हणून तो हंसला आणि आंतून दुसरें पोतें घेऊन आला.

प्रसंग अगदीं साधा. परंतु घरीं परत येतांना माझ्या मनांत आलें कीं, पोत्यांत निःशंकपणें घातलेला हा गिऱ्हाइकाचा हात तेथवर येण्यास किती काळ लागला असेल! इतिहास म्हटला कीं आपणांस राजे, तह आणि लढाया आठवतात. मीं शाळेंत पस्तीस वर्षें तोच शिकविला. आज मात्र या हाताचा इतिहास आपणांस सांगावा असा माझा विचार आहे.

प्रथम आपल्या खाडीकडे पाहूं. दिवें हें गांव उल्हास नदीच्या खाडीकांठीं, ठाणें आणि कल्याण या दोन प्राचीन बंदरांच्या मध्यें वसलेलें आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या व्यापाऱ्यांनीं दिलेल्या दानांचे उल्लेख आढळतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत कोणा ग्रीक भाषा जाणणाऱ्या दर्यावर्दी माणसानें लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या ग्रंथांत सोपारा, कल्याण व चौल यांचीं नांवें ओळीनें आलीं आहेत. कल्याणासंबंधानें हा ग्रंथकार एक चमत्कारिक गोष्ट सांगतो. पूर्वींच्या राजाच्या वेळीं हें बंदर कायदेशीर बाजारपेठ होतें. परंतु पुढें सत्ता बदलली आणि व्यापारास अटकाव झाला. आतां एखादें ग्रीक जहाज चुकून तेथें आलें, तर त्याला पहाऱ्यांत भडोचला नेण्यांत येतें, असें तो लिहितो. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा हा परिणाम असावा, असें इतिहासकार मानतात. आपल्या खाडींत आलेल्या गिऱ्हाइकाच्या अनुभवाची ही फार जुनी नोंद होय. आणि ती सुखाची नाहीं. माल पाहणें दूरच राहिलें, त्याला दुसऱ्याच्या दुकानीं बळेंच नेऊन बसविलें!

अशा हालअपेष्टा सोसून हे लोक येत ते कशासाठीं? पुष्कळ अंशीं मिऱ्यांसाठीं. काळीं मिरीं मलबारांत पिकत आणि मुझिरिस बंदरांतून जात; पिंपळी भडोचहून जात असे. रोमचा पंडित प्लिनी यानें आपल्या ग्रंथांत त्या वेळचे भाव देऊन ठेविले आहेत. एका रोमन पौंडास पिंपळी १५ दिनार, पांढरें मिरें ७ आणि काळें मिरें ४. हिंदुस्थान दरसाल रोमचे पांच कोटी सेस्टर्स ओढून नेतो, अशी त्याची तक्रार होती. ज्या फळांत तिखटपणाखेरीज दुसरा गुण नाहीं, त्याचें लोकांना एवढें वेड कां लागावें, याचेंही त्याला नवल वाटे. पण मला महत्त्वाची वाटते ती त्याची आणखी एक नोंद. पिंपळींत मोहरी मिसळतात आणि काळ्या मिऱ्यांत जुनिपर नांवाच्या झाडाचीं फळें मिसळतात, असें तो सांगतो. म्हणजे आजच्या बाजारांत मिऱ्यांत पपईच्या बिया मिसळणारा मनुष्य नवीन नव्हे. त्याचें घराणें निदान दोन हजार वर्षांचें आहे.

आपल्याकडेही शास्त्रकारांना हा रोग ठाऊक होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत वजनें आणि मापें यांवर देखरेख करणारा स्वतंत्र अधिकारी सांगितला आहे. धान्य, तेल, मीठ, सुगंधी पदार्थ आणि औषधें यांत तशाच रंगाचा हलका माल मिसळणाऱ्यास बारा पणांचा दंडही सांगितला आहे. कायदा होता याचा अर्थ लबाडी होती. माल बनावट असेल ही शंका आणि तो पाहून घेण्याची इच्छा या दोन गोष्टी व्यापाराइतक्याच जुन्या आहेत.

आतां तेराव्या शतकाच्या अखेरीस येऊं. व्हेनिसचा प्रवासी मार्को पोलो यानें ठाण्याच्या राज्याचें वर्णन केलें आहे. येथें मिरीं पिकत नाहींत कीं दुसरे मसाले पिकत नाहींत. पिंगट रंगाचा धूप मात्र होतो, आणि कातडीं व सुती कापड यांचा व्यापार चालतो, असें तो म्हणतो. हें वाक्य आम्हां ठाणेंकरांस थोडें झोंबणारें आहे. पण विचार करतां त्यांत आपली खरी ओळख दडलेली दिसते. वेलदोडा आणि मिरीं दक्षिणेकडून आलीं, लवंग आणि जायफळ पूर्वसमुद्रांतील बेटांवरून आलें, हिंग इराण-अफगाणिस्तानकडून आला. या खाडीच्या कांठच्या लोकांनीं मसाला फारसा पिकविला नाहीं. त्यांनीं तो घेतला, दिला आणि पारखला. पिकविणाऱ्यास आपला माल ठाऊकच असतो. विकत घेणाऱ्यास मात्र तो ओळखण्याची विद्या शिकावी लागते. त्या वृद्ध बाईंच्या नाकांत ही विद्या होती.

मग या विद्येंत मिरची केव्हां आली? श्रोतेहो, मिरचीवांचून मराठी जेवणाची कल्पना करवत नाहीं. परंतु ज्ञानेश्वरांच्या काळीं ती या देशांत नव्हती. ती अमेरिकेंतली. कोलंबसानंतर ती जगभर पसरली आणि सोळाव्या शतकांत पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावर आली. त्यापूर्वीं आपल्या स्वयंपाकांतील तिखटपणा मिरीं, पिंपळी आणि सुंठ यांचा असे. १५३४ च्या तहानें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं ती जिंकून घेईपर्यंत आमचा हा मुलूख त्यांच्या शेजारांत होता. त्याच काळांत गार्सिया द ओर्ता नांवाचा पोर्तुगीज वैद्य होऊन गेला. मुंबईचें बेट त्याच्याकडे खंडानें होतें. हिंदुस्थानांतील औषधें व मसाले यांवरील त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ सालीं गोव्यांत छापला गेला. त्यांत तो पुस्तकी पंडितांच्या मतापेक्षां स्वतः पाहिलेल्या वस्तूवर अधिक भर देतो. आमच्या बाजारांतल्या बाईंची रीत याहून निराळी नाहीं.

मिरचीनें एक मोठें काम केलें. मिरीं दूरदेशचीं आणि महाग. मिरचीचें रोप मात्र कोणाच्याही परसांत उगवतें. जो तिखटपणा श्रीमंताच्या ताटांत असे, तो गरिबाच्या भाकरीवर आला. सुकी मिरची वर्षभर टिकते म्हणून वर्षाचा मसाला एकदांच करून ठेवण्याची चाल पडली, आणि प्रत्येक समाजाचा मसाला निराळा झाला. आगरी-कोळ्यांचा निराळा, चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचा निराळा. वसई, ठाणें आणि मुंबई येथील मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीं १८८७ सालीं, राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या सुमारास, 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. त्यांचा मसाला काळपट बाटल्यांत ठासून भरतात म्हणून त्याला 'बाटली मसाला' हें नांव पडलें. उखळ-मुसळाचें कांडप जाऊन आतां यंत्राचे डंके आले; तरी यादी मात्र आईची मुलीकडे आणि सासूची सुनेकडे जाते. दुकानदारास ती यादी पाहूनच गिऱ्हाईक कोणत्या घरचें हें कळतें.

मसाल्याशेजारीं चहाचे डबे आहेत. त्यांची गोष्ट याहून अलीकडची, पण अधिक मौजेची आहे. आसामांत झालेला चहा १८३८ सालीं प्रथम विलायतेस रवाना झाला. आपल्या घरांत तो शिरला तो हळूहळू, आणि भांडत भांडत. १८९० सालीं पुण्याच्या पंच हौद मिशनमध्यें एका समारंभानंतर पाहुण्यांपुढें चहा आणि बिस्किटें ठेवण्यांत आलीं. पाहुण्यांत न्यायमूर्ति रानडे होते, टिळक होते. कोणी चहा प्यालें, कोणी नुसता पेला हातीं धरला. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे पति गोपाळराव यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें वर्तमानपत्रांत प्रसिद्ध करविलीं, आणि पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें. टिळकांनीं आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचें दाखविलें. रानड्यांनीं १८९२ सालीं प्रायश्चित्त घेतलें, आणि त्याबद्दल सुधारकांचा रोषही सोसला.

या प्रकरणांत चहा चांगला होता कीं वाईट, हा प्रश्न कोणीही विचारला नाहीं. प्रश्न एवढाच होता कीं, तो कोणाच्या हातचा? गिऱ्हाइकाच्या हाताप्रमाणेंच देणाऱ्याच्या हाताचाही आपल्या समाजांत एक इतिहास आहे, तो हा.

पुढें चहानेंच ही भिंत पुष्कळ पोखरली. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदराहून ठाण्यापर्यंत आगगाडी सुरू झाली होती आणि १८५४ च्या मे महिन्यांत ती आमच्या दिव्यावरून कल्याणास पोहोंचली. गाडीच्या डब्यांत शेजारीं कोण बसला आहे हें पाहून चालत नाहीं. फलाटावरील चहाचेंही तसेंच झालें. १९०३ सालीं चहावर एक उपकर बसविणारा कायदा झाला आणि त्या पैशांतून चहाचा प्रचार सुरू झाला. पुढें ठिकठिकाणच्या स्टेशनांवर चहा कसा करावा हें सांगणाऱ्या इनॅमलच्या पाट्या लागल्या. त्या पाट्यांतली रीत विलायती होती. पाणी उकळावें, पूड किटलींत टाकावी, दूध वेगळें घालावें. आमच्या लोकांनीं चहा घेतला, पण ती रीत घेतली नाहीं. त्यांनीं पूड, दूध, साखर, आलें आणि वेलदोडा सारें एकाच पातेल्यांत उकळलें. मसाला घातला कीं पूड कमी लागते म्हणून प्रचारकांना हें रुचत नसे; पण शेवटीं गिऱ्हाइकाचेंच खरें झालें. १९३० नंतर आसामांत पानें चुरून, फाडून आणि वळवून त्यांचे दाणे करणारें यंत्र निघालें. हा दाणेदार चहा स्वस्त, रंगास गडद आणि दुधांत टिकणारा. बाजारांत याला 'मामरी' म्हणतात. आमच्या दुकानदाराच्या वहींत घरोघरचें मिश्रण लिहून ठेवलेलें आहे. माझ्या नांवापुढें 'दोन भाग मामरी, एक भाग भुकटी' असें आहे.

येथवर मीं गिऱ्हाईक म्हणून जें सांगितलें, तें ऐकून सर्वांचा अनुभव एकच होता असा आपला समज होईल. तसा तो नव्हता. आणि हें न सांगतां मीं भाषण संपविलें, तर मी वाईट शिक्षक ठरेन.

माझ्याबरोबर शाळेंत माझ्याहून वडील असे एक शिक्षक होते. ते अस्पृश्य गणलेल्या समाजांत जन्मले होते. पगार झाला कीं आम्ही दोघे बरोबर बाजारांत जात असूं. मसाल्याच्या दुकानीं ते प्रत्येक पोत्यांत हात घालीत, मूठभर धने उचलून पाहत, हळकुंड मोडून बघत. पाव किलोच्या खरेदीस अर्धा तास लागे. एकदां मीं चेष्टेनें म्हटलें, "गुरुजी, आपण माल घेतां कीं दुकानाची तपासणी करतां?" ते थोडा वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "माझे आजोबा वाण्याच्या दुकानासमोर दूर फडकें पसरून उभे राहत. पैसे जमिनीवर ठेवावयाचे. वाणी वरून मिरच्या टाकी. किडक्या असोत, ओल्या असोत, बोलण्याची सोय नव्हती, कारण ज्या मालास आपला हात लागला तो परत घेणार कोण? त्यांनीं जन्मांत एक मिरची मोडून पाहून घेतली नाहीं. म्हणून त्यांच्याही वांट्याचें मी पाहून घेतों."

त्या दिवसापासून मीं त्यांच्याबरोबर कधीं घाई केली नाहीं.

मुलांना मी नागरिकशास्त्र शिकवीत असें. २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमांत दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणानें कोणाही नागरिकास दुकानांत, उपाहारगृहांत जाण्यास आडकाठी करतां येणार नाहीं, असें तें कलम सांगतें. एवढ्या मोठ्या देशाच्या घटनेंत दुकानासारखी क्षुल्लक गोष्ट कशाला, असें मला पूर्वीं वाटे. त्या गृहस्थांचें बोलणें ऐकल्यावर तें कलम मला समजलें. त्यापूर्वीं बरीच वर्षें तें मी केवळ शिकवीत होतों.

हात पोत्यापर्यंत पोहोंचला. आतां पोत्यांतला माल खरा असावा यासाठींही कायदे झाले. शेतमालाची प्रतवारी ठरवून त्यावर खूण देण्याचा कायदा १९३७ सालचा. त्यांतूनच 'ॲगमार्क' निघाला. अन्नांतील भेसळीस आळा घालणारा कायदा १९५४ सालीं झाला. १९५८ पासून शेर-तोळे जाऊन किलो-ग्रॅम येऊं लागले, आणि दर गांवीं बदलणाऱ्या शेराची कटकट मिटली. २००६ सालीं अन्नसुरक्षेचा नवा कायदा होऊन त्यानें जुन्याची जागा घेतली.

तथापि कायदा नाकाचें काम करीत नाहीं, हें मीं स्वतःच्या चुकीनें शिकलों आहें. पुष्कळ वर्षांपूर्वीं, महिन्याची अखेर असतां, मीं एका दुकानांतून तयार तिखट आणलें. रंग असा कीं डोळे दिपावे! आमच्या मातोश्री तेव्हां हयात होत्या. त्यांनीं चमचाभर तिखट पाण्याच्या पेल्यावर सोडलें. तांबड्या रंगाच्या रेघा सरसर खालीं उतरल्या आणि थोड्या वेळानें तळाशीं खरखरीत गाळ बसला. मी तावातावानें दुकानीं परत गेलों. दुकानदार शांतपणें म्हणाला, "गुरुजी, सर्वांत स्वस्त द्या असें आपणच म्हणालांत. कुठून आलें असें विचारलें नाहींत." त्याची लबाडी लबाडीच होती आणि मीं त्यास तसें सांगितलें. परंतु परत येतांना मला माझीही लाज वाटली. मीं फक्त भाव विचारला होता. पोत्यांत हात घातलाच नव्हता. ज्या हक्कासाठीं दुसऱ्यांच्या पिढ्या तिष्ठत राहिल्या, तो मीं आळसानें टाकून दिला होता.

आतां दुकानांत पोतीं कमी आणि पाकिटें अधिक झालीं आहेत. पाकिटास मी नांवें ठेवीत नाहीं. त्यावर तारीख असते, वजन असतें, परवान्याचा क्रमांक असतो, आणि नोकरीच्या घाईंत असलेल्या सुनांना कांडपास वेळ कोठून मिळावा? पण पाकिटाचा वास घेतां येत नाहीं. म्हणून ज्याला हात लावतां येत नाहीं, तें निदान वाचून घ्यावें. घरीं मिरीं पाण्यांत टाकून पाहावीं. पपईच्या बिया वर तरंगतात, चांगलें मिरें खालीं बसतें. चहाची चिमूटभर पूड ओल्या टिपकागदावर टाकावी. लगेच रंगाचे डाग पसरले, तर वापरलेला चहा रंगवून विकला असें समजावें. मुलांना या परीक्षा करावयास लावावें. त्यांस त्यांत गंमत वाटते.

गेल्या महिन्यांत माझ्या नातीला मी त्या दुकानीं घेऊन गेलों. तिनें भीतभीत पोत्यांतील एक मिरची उचलली आणि माझ्याकडे पाहिलें. मीं कांहीं बोलण्याच्या आधींच दुकानदार म्हणाला, "मोड बाळ, मोडून बघ." तिनें ती मोडली, वास घेतला, आणि तिला सणसणीत शिंक आली. दुकानांतील सारीं माणसें हंसलीं. "ही मिरची ताजी आहे," असें ती म्हणाली, आणि आम्हीं त्याच पोत्यांतील अर्धा किलो घेतली.